थकलेलं हार्ट, हक्काचं घर

आपल्या पिढीला सगळं घरपोच लागतं. पिझ्झा घरपोच, भाजी घरपोच, इस्त्रीचे कपडे घरपोच. रात्री अकराला आइस्क्रीमची हुक्की आली तरी थोड्याच वेळात बेल वाजते. ब्लड टेस्टचं सॅम्पल न्यायलाही माणूस सकाळी सातला दारात हजर! पण घरातल्या मोठ्या माणसाला रात्री दम लागला, की आपल्याला एकच रूट पाठ असतो. गाडी काढा, हॉस्पिटल गाठा, डिपॉझिट भरा.

पहिल्यांदा ठीक. दुसऱ्यांदाही ठीक. पण वर्षभरात चौथ्यांदा हीच वारी निघाली, की कधीतरी बाबाच विचारतात, 'परत जायलाच हवं का रे?' आणि भल्याभल्या प्रेझेंटेशनमध्ये न अडखळणारे आपण गप्प होतो. आजचा कॉलम या प्रश्नाबद्दल आहे. विषय जरा जड आहे, मान्य. पण मल्टिप्लेक्सचं तिकीट काढण्याआधी दहा मिनिटं द्याच.

फेल म्हणजे बंद नव्हे

पहिला गोंधळ नावापासूनच. हिंदी सिनेमावाल्यांच्या कृपेने 'हार्ट फेल' म्हणजे खेळ खल्लास, असं आपल्या डोक्यात बसलंय. तसं नाहीये. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी नळी अचानक तुंबणं. कार्डिअ‍ॅक अरेस्ट म्हणजे ठोकाच थांबणं. आणि हार्ट फेल्युअर म्हणजे पंप चालू आहे, पण तो दमलाय. शरीराला हवं तेवढं रक्त त्याला पुढे ढकलता येत नाही. मग अंगात पाणी साठतं. पायांत साठलं की सूज, फुफ्फुसांत साठलं की धाप. रोजची चप्पल घट्ट व्हायला लागते. झोपताना एका उशीच्या दोन होतात, दोनाच्या तीन. पुढेपुढे तर आरामखुर्चीत बसूनच रात्र काढली जाते.

टू-डी एकोच्या रिपोर्टमध्ये 'ईएफ' नावाचा एक आकडा असतो. एका ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं, त्याचं ते मोजमाप. साधारण ५५ ते ७० असेल तर नॉर्मल. ४० किंवा त्याखाली म्हणजे पंपाची ताकद नक्कीच घटलेली. काही जणांचा ईएफ चांगला असूनही हार्ट फेल्युअर असतं, कारण त्यांचं हृदय ताठर झालेलं असतं आणि नीट भरतच नाही. त्यामुळे नुसत्या आकड्यावर खूश होऊ नका.

चांगली बातमी अशी, की कमी ईएफवाल्यांसाठी आता चार वेगवेगळ्या गटांची औषधं एकत्र देतात. त्यांनी आयुष्य वाढतं आणि हॉस्पिटलच्या फेऱ्याही कमी होतात. म्हणून रूल नंबर वन, बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत.

आता दुसरी बाजू. केरळात २०१३ मध्ये 'त्रिवेंद्रम हार्ट फेल्युअर रजिस्ट्री' झाली. हार्ट फेल्युअरमुळे हॉस्पिटलमध्ये दाखल झालेल्या १२०५ जणांची नोंद तिथे ठेवली गेली. त्यांचं सरासरी वय होतं ६१. आणि एका वर्षात त्यातले सुमारे ३१ टक्के लोक गेले. म्हणजे दर दहांतले तीन. युरोप-अमेरिकेत हे दुखणं सत्तरीच्या आसपास गाठतं, आपल्याकडे साठीतच. बाबा नुकतेच रिटायर झालेले, तुम्ही तिशीत, होम लोनचे हप्ते चालू, पोरगी सिनिअर केजीत. अशा घरात हे येतं. म्हणून हा विषय 'सिनिअर सिटिझन पुरवणी'चा नाही दोस्तहो, तुमचाच आहे.

करवतीचे दाते

बऱ्याच कॅन्सरमध्ये माणूस बराच काळ ठीक असतो आणि मग शेवटच्या काही महिन्यांत उतार स्पष्ट दिसतो. हार्ट फेल्युअरचा ग्राफ करवतीच्या दात्यांसारखा. एकदम खाली, मग औषधांनी वर, पुन्हा खाली, पुन्हा वर. फक्त प्रत्येक वेळी आधीच्या उंचीपेक्षा थोडं कमीच वर. आधी नाक्यापर्यंतचा वॉक, मग सोसायटीच्या गेटपर्यंत, मग बाल्कनीपर्यंत.

यातली खरी गोची काय माहितीये? कुठली खेप शेवटची, हे कोणालाच सांगता येत नाही. डॉक्टरांनाही. मागच्या वेळी बाबा आयसीयूतून चालत घरी आले, म्हणजे या वेळीही येतील असं सगळे धरून चालतात. डॉक्टर विषय काढत नाहीत, कारण घरच्यांचा धीर सुटेल. घरचे काढत नाहीत, कारण अपशकुन वाटतो. आणि पेशंट काढत नाही, कारण मुलं काळजी करतील. 'अजून ती वेळ आलेली नाही' असं सगळेच म्हणत राहतात. ती वेळ आल्याची अनाउन्समेंट मात्र कोणी करत नाही.

पांघरूण घालणारी ट्रीटमेंट

इथे एन्ट्री होते पॅलिएटिव्ह केअरची. लॅटिनमध्ये 'पॅलियम' म्हणजे झगा, अंगावर घ्यायचं वस्त्र. त्यावरून हा शब्द आला. आपल्या भाषेत पांघरूण म्हणा. आजार पूर्ण जाणार नसेल तरी त्रासावर पांघरूण घालता येतं, ही त्यामागची कल्पना. धाप, वेदना, झोप न लागणं, भीती, घरच्यांची ओढाताण, पैशाची चिंता, हे सगळं तिच्या कामाच्या यादीत.

आपल्याकडे हा शब्द उच्चारला की लोकांचा चेहरा पडतो. 'म्हणजे आता काही होण्यासारखं नाही?' या समजुतीला इतिहास आहे. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. आपल्या वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ चं, देशातलं पहिलं हॉस्पिस, तेही कॅन्सरच्या पेशंटसाठी. त्यामुळे पॅलिएटिव्ह म्हणजे कॅन्सर आणि कॅन्सर म्हणजे शेवट, अशी साखळी डोक्यात तयार झाली.

जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे मात्र वेगळंच सांगतात. जगात दरवर्षी अंदाजे ५ कोटी ६८ लाख लोकांना अशा सेवेची गरज असते. त्यातल्या मोठ्या माणसांत सर्वांत मोठा वाटा हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांचा आहे, ३८.५ टक्के. कॅन्सर दुसऱ्या नंबरवर, ३४ टक्के. आणि गरज असलेल्यांपैकी सेवा मिळते किती जणांना? फक्त १४ टक्क्यांना.

याच संघटनेने २००२ मध्येच स्पष्ट केलं होतं, की ही सेवा आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातही आणि आयुष्य वाढवणाऱ्या उपचारांच्या सोबतीनेही देता येते. हा मुद्दा नीट वाचा. कार्डिऑलॉजिस्ट सोडून पॅलिएटिव्हवाल्यांकडे जायचं नाहीये. दोघंही हवेत. त्या चार गटांच्या गोळ्या चालूच राहणार. हार्ट फेल्युअरमध्ये तर हृदयाची बरीचशी औषधं हीच त्रास कमी करणारी औषधं असतात. लघवीची गोळी नीट बसवली की धाप उतरते, यापेक्षा मोठा आराम दुसरा कोणता?

घरी नेमकं होतं काय?

ठरलेल्या दिवशी नर्स येते. सोबत किंवा फोनवर डॉक्टर असतात. गरजेप्रमाणे फिजिओ आणि समुपदेशकही. पेशंटचं वजन, सूज, बीपी, ऑक्सिजन बघितला जातो. डोस बदलायचे असतील तर डॉक्टरांशी बोलून बदलतात. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वजन वाढलं, तर अंगात पाणी साठतंय असं समजून लगेच फोन करायचा, हे घरच्यांना शिकवलं जातं. साधा वजनकाटा, पण तो रात्री दोनची धावपळ मंगळवारी सकाळीच टाळू शकतो.

स्वयंपाकघराचीही झडती होते. पापड, लोणचं, फरसाण, सॉस, पाकिटातलं सूप, सगळ्यात मीठ दडलेलं. सैंधव म्हणजे हेल्दी, हा गैरसमज, कारण सोडियम त्यातही आहेच. 'लो सोडियम' मिठात बऱ्याचदा पोटॅशियम असतं आणि हृदयाच्या काही गोळ्यांबरोबर ते धोक्याचं ठरतं. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणूच नका. गुडघे दुखतात म्हणून केमिस्टकडून आणलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी हाही एक छुपा व्हिलन. ती शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवते.

धाप लागली की घाबरायला होतं आणि घाबरलं की धाप वाढते. हे चक्र मोडायला नर्स श्वास घ्यायच्या पद्धती शिकवते, पुढे वाकून बसायला शिकवते. छोटा पंखा चेहऱ्यावर, नाका-गालांवर वारा येईल असा धरला तर बऱ्याच जणांना चक्क बरं वाटतं. कोविडनंतर अनेकांच्या घरी ऑक्सिजनचं मशीन पडून आहे. पण रक्तातला ऑक्सिजन कमी नसेल, तर त्याने धापेला फारसा फायदा होत नाही. बाकी उपाय थकले आणि धाप हटतच नसेल, तर डॉक्टर अगदी कमी डोसमध्ये मॉर्फिनचा विचार करतात. सगळ्यांना त्याचा उपयोग होतोच असं नाही आणि किडनी कमजोर असेल तर फार जपून द्यावं लागतं. पण ते लिहून दिलं म्हणजे माणूस चालला, असा अर्थ लावू नका.

बाकी गोष्टी साध्या, पण मोठ्या कामाच्या. डोक्याकडून वर होणारा पलंग, एअरबेड, कमोडची खुर्ची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलणं. आणि फ्रिजवर चिकटवलेला एक कागद, ज्यावर लिहिलेलं असतं की अमुक झालं तर हे द्या, तमुक झालं तर या नंबरवर फोन करा.

हे चालतं का पण?

आपण रिझल्ट-ओरिएंटेड माणसं. तर घ्या रिझल्ट. हाँगकाँगमध्ये हार्ट फेल्युअरच्या शेवटच्या टप्प्यातल्या ८४ पेशंटचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. डिस्चार्जनंतर ज्यांच्या घरी नर्सच्या भेटी आणि फोन चालू राहिले, त्यांच्यातले ३३.६ टक्के बारा आठवड्यांत पुन्हा ॲडमिट झाले. ज्यांना ही सोय नव्हती, त्यांच्यात हेच प्रमाण ६१ टक्के. त्याआधी २०१४ मध्ये स्वीडनमधल्या ७२ पेशंटच्या अभ्यासात सहा महिन्यांत घरच्या सेवेच्या गटात १५ ॲडमिशन झाल्या, नेहमीच्या गटात ५३.

खोटी आशा मात्र दाखवणार नाही. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या १५० पेशंटच्या २०१७ च्या अभ्यासात पॅलिएटिव्ह टीममुळे त्रास, नैराश्य आणि चिंता कमी झाली, पण आयुष्य वाढलं नाही आणि त्या ठिकाणी ॲडमिशनही घटल्या नाहीत. म्हणजे या सेवेकडे मागायचं काय, तर चांगले दिवस. जास्त दिवसांची गॅरंटी कोणी देत नाही.

आणि घरच्या सेवेचा अर्थ हॉस्पिटलचं दार कायमचं बंद, असाही नाही. उपचाराने सुधारणारं काही असेल, इन्फेक्शन असेल, तर खुशाल जा. पण दर खेपेला सवयीने, घाबरून आणि 'लोक काय म्हणतील' म्हणून नको.

सगळ्यात अवघड मीटिंग

आता खरी परीक्षा. बाबांना काय हवंय, हे त्यांना कोणी विचारलंय का? एमआरआय कुठे काढायचा, कुठल्या सर्जनचं सेकंड ओपिनियन घ्यायचं, यावर 'फॅमिली' नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनशे मेसेज पडतात. न्यू जर्सीचा दादा गूगल करून लिंक पाठवतो, नाशिकची आत्या काढा सुचवते. ज्याचं हार्ट आहे, तो माणूस त्या ग्रुपवर नसतोच.

बोलायचं तर सगळं ठीक असताना बोला. ॲम्ब्युलन्समध्ये नाही. प्रश्न अगदी साधे आहेत. 'बाबा, तुम्हांला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?' 'कशाची भीती वाटते?' 'काय करता आलं तर दिवस बरा गेला असं वाटतं?' 'तब्येत फारच बिघडली तर व्हेंटिलेटर हवा का?' 'तुम्हांला बोलता आलं नाही तर कोणी ठरवायचं?' उत्तरं ऐकून चाट पडाल. कोणाला मरणाची भीती नसते, गुदमरण्याची असते. कोणाला फक्त बाथरूमला स्वतःच्या पायांनी जायचं असतं. कोणाला नातवाची मुंज बघायची असते आणि त्यासाठी आयसीयूही चालणार असतो. हेही उत्तर तितकंच खरं. त्यांना हवंय ते शोधायचंय, आपल्याला सोयीचं आहे ते नव्हे.

छातीत आयसीडी नावाचं शॉक देणारं यंत्र बसवलेलं असेल, तर आणखी एक प्रश्न. शेवटच्या दिवसांत ते यंत्र वारंवार शॉक देऊ शकतं आणि तो शॉक दुखतो. ऑपरेशन न करता, बाहेरूनच त्याचं शॉकचं सेटिंग बंद करता येतं. त्याने हृदय थांबत नाही आणि पेसमेकरचं काम चालू राहतं. हे कधी करायचं, ते कार्डिऑलॉजिस्टशी आधीच बोलून ठेवा.

ठरलेलं कागदावर उतरवायचं असेल तर कायदाही सोबत आहे. सुप्रीम कोर्टाने मार्च २०१८ मध्ये 'लिव्हिंग विल'ला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये तिची किचकट प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरचं साक्षांकन पुरेसं आहे. आपल्या वतीने निर्णय कोण घेईल, त्या माणसाचं नावही त्यात लिहिता येतं.

आणि आईचं काय?

घरी सेवा, घरी सेवा म्हणताना ती करणार कोण? बहुतेक घरांत उत्तर एकच असतं, आई. नाहीतर सून. तिची स्वतःची शुगर, तिचे गुडघे, तिची अर्धी झोप कुठल्याही फाइलमध्ये नोंदलेली नसते. 'बाबांना घरीच ठेवू' असं मुलाने पुण्यातून फोनवर म्हणायचं आणि दादरच्या वन बीएचकेत रात्री चार वेळा आईने उठायचं, याला घरची सेवा म्हणत नाहीत.

म्हणून पैसे लावायचेच असतील तर आधी इथे लावा. रात्रपाळीला ब्युरोची मावशी किंवा वॉर्डबॉय ठेवा. शक्य असेल तर आठवड्यातला एक अख्खा दिवस आईला सुट्टी द्या आणि त्या दिवशी तिच्या जागी तुम्ही बसा, लॅपटॉप बंद करून. ऑफिसात केअरगिव्हर लीव्ह किंवा वर्क फ्रॉम होम मिळतं का, एचआरला विचारा. बाळ झाल्यावर रजा मागायला आपण लाजत नाही, मग इथे का लाजायचं?

शोधायचं कुठे?

केरळ या बाबतीत सॉलिड पुढे आहे. कोझिकोडला १९९३ मध्ये पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू झाली, २००८ मध्ये राज्य सरकारने पॅलिएटिव्ह केअरचं धोरण आणलं आणि आज पंचायतींच्या नर्स घरोघरी जातात. डॉ. एम. आर. राजगोपाल यांची 'पॅलियम इंडिया' ही संस्था तिथलीच, २००३ ची. केंद्र सरकारनेही २०१२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आखला.

मुंबई-पुण्यात घरी येणाऱ्या बऱ्याच टीम कॅन्सरच्या पेशंटपासून सुरू झाल्या. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा, 'हार्ट फेल्युअरचे पेशंट घेता का?' दुसरा, 'रात्री फोन कोण उचलतं?' तिसरा, 'आमच्या कार्डिऑलॉजिस्टशी तुम्ही बोलाल का?' जिल्हा रुग्णालयातही पॅलिएटिव्ह विभागाची चौकशी करा. टीम मिळालीच नाही, तर जुने फॅमिली डॉक्टर, एक चांगली नर्स आणि कार्डिऑलॉजिस्टचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर, एवढ्यावरही बरंच काही जमतं.

या वीकएण्डला एवढं करा

१. वजनकाटा आणि छोटा पंखा घ्या. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन. आकडा कॅलेंडरवर लिहा.

२. सगळ्या गोळ्यांची एकच यादी करा. कुठली गोळी कशासाठी, हे मराठीत लिहा. आईला वाचता आलं पाहिजे.

३. मेडिक्लेमची पॉलिसी उघडून वाचा. बऱ्याच पॉलिसींत २४ तास ॲडमिट असण्याची अट असते. घरच्या सेवेचा खर्च त्यात बसतो का, ते आत्ताच कळू दे.

४. घरी काही झालंच, तर मृत्यूचा दाखला द्यायला पेशंटला ओळखणारा डॉक्टर लागतो. अनोळखी डॉक्टर ऐनवेळी सही करायला कचरतात. फॅमिली डॉक्टरांशी हे आधीच बोलून ठेवा. बोलायला जड जाईल, पण त्या रात्री आईची फरफट होणार नाही.

५. सोमवारी कार्डिऑलॉजिस्टची अपॉइंटमेंट असेल तर एक वाक्य पाठ करून जा, 'डॉक्टर, औषधं चालू ठेवूनच बाबांसाठी घरी पॅलिएटिव्ह टीम लावता येईल का?' ते कदाचित म्हणतील, 'एवढ्यात कशाला?' तेव्हा उठू नका. खुर्ची थोडी पुढे ओढा आणि विचारा, 'मग कधी?'